टक्के 83.40, गणित 66 : दहावीच्या निकालानंतरच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या एका गावात 2025 च्या मे ते ऑगस्ट या काळात घडले. विद्यार्थिनीची ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा, शिकवणी आणि महाविद्यालये यांची नावे दिलेली नाहीत आणि घरातील काही किरकोळ तपशील बदलले आहेत. गुण, घटनांचा क्रम आणि झालेल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी तिचा दहावीचा वर्गशिक्षक होतो आणि गणितही मीच शिकवत होतो, त्यामुळे या हकिगतीत माझाही वाटा आहे आणि तो मी लपवलेला नाही.

कुटुंब द्राक्षबागायतदार आहे. अडीच एकर बाग, त्यातला बराचसा माल बेदाण्याला जातो. घरात आजी, वडील, आई, ही मुलगी आणि सातवीतला धाकटा भाऊ. वडील बारावीपर्यंत शिकलेले, आई नववीपर्यंत. वडिलांचे धाकटे भाऊ चाकणला कारखान्यात नोकरीला आहेत आणि घरातल्या शिक्षणाविषयीच्या निर्णयांत त्यांच्या शब्दाला वजन आहे. मुलगी पूर्णपणे मराठी माध्यमातून शिकलेली. गणित आणि विज्ञानसुद्धा मराठीतूनच.

त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षा 21 फेब्रुवारी ते 17 मार्च अशी झाली. आमच्या भागात हेच दिवस द्राक्षांच्या काढणीचे आणि बेदाणा शेडवर रात्रंदिवस राबण्याचे असतात. मजूर मिळत नाहीत, आभाळ भरून आले की वाळत घातलेला माल वाचवण्यासाठी घरातले सगळे हात लागतात आणि दहावीचे पोरही त्या हातांत धरले जाते. शिक्षक म्हणून हे मला सर्वसाधारणपणे माहीत होते, परंतु या मुलीच्या बाबतीत त्याचा नेमका परिणाम काय झाला हे मला मे महिन्यात कळले.

निकाल 13 मे रोजी लागला. तिला 83.40 टक्के मिळाले आणि ती शाळेत तिसरी आली. दुपारपर्यंत घरी पेढे आले, भावकीतले लोक येऊन गेले आणि संध्याकाळपर्यंत ती विज्ञान शाखा घेऊन वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणार हे घरात जवळपास ठरूनही गेले. तिला कोणी विचारले नाही असे म्हणता येणार नाही. विचारले होते, आणि तिने "तुम्ही म्हणाल ते" असे उत्तर दिले होते.

अडचण

दुसऱ्याच दिवशी वडील तिला घेऊन शहरातील एका खासगी शिकवणीत गेले. तेथे दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम होता. एका कनिष्ठ महाविद्यालयात नावापुरता प्रवेश आणि प्रत्यक्ष शिकवणे सगळे शिकवणीतच, अशी ही व्यवस्था असते. एकूण शुल्क 1,80,000 रुपये सांगण्यात आले आणि त्या आठवड्यात 15,000 रुपये भरले तर मोठी सवलत मिळेल असेही सांगण्यात आले. खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची वेलींची छाटणी, नुकतीच झालेली, बेदाण्याचे सगळे पैसे अजून हाती यायचे होते, तरीही वडिलांनी पैसे भरले. पावती हाताने लिहिलेली होती आणि तिच्यावर रकमेखेरीज काहीही नव्हते.

हे सगळे होऊन गेल्यावर, चौथ्या दिवशी, मुलगी एकटीच शाळेत आली. तिची तक्रार गणिताच्या गुणांविषयी होती. तिला 66 गुण पडले होते आणि तिच्या अंदाजाने ते 75 च्या पुढे असायला हवे होते. पेपर पुन्हा तपासायला देता येईल का, एवढेच तिला विचारायचे होते. मी तिची गुणपत्रिका समोर ठेवून बसलो आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाला सुरुवात तिथे झाली.

मराठी 88, हिंदी 90, इंग्रजी 73, गणित 66, विज्ञान व तंत्रज्ञान 75, सामाजिक शास्त्रे 91. आपल्या मंडळाची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढली जाते. त्यामुळे तिच्या 83.40 टक्क्यांत गणित धरलेलेच नव्हते. सहाही विषय धरले तर 600 पैकी 483, म्हणजे 80.5 टक्के होतात. फरक तीन टक्क्यांचाही नाही आणि कोणी फसवणूक केली असेही नाही. परंतु ज्या विषयावर पुढची दोन वर्षे बऱ्याच अंशी उभी राहणार, नेमका तोच विषय पेढ्यांच्या आकड्यातून बाहेर राहिला होता, आणि घरात कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती आणि घरच्यांना नव्हती. गणितातील 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते शाळा देते आणि ते मीच दिले होते, 20 पैकी 20. म्हणजे लेखी परीक्षेत तिला 80 पैकी 46 होते. हे तिला सांगताना मला संकोच वाटला, परंतु सांगणे आवश्यक होते.

तेव्हा अडचण अशी होती. निर्णय झालेला होता, त्यावर पैसेही लागले होते, तो निर्णय एका आकड्यावरून घेतलेला होता आणि तो आकडा विद्यार्थिनीविषयी जे सांगायला हवे ते सांगत नव्हता. मात्र ती विज्ञानासाठी योग्य नाही, असा उलट निष्कर्षही 66 या आकड्यावरून लगेच काढता येत नव्हता. ही दुसरी बाजू मला तेव्हा तितकी स्पष्ट दिसली नव्हती. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात तिला कला शाखेत बसवूनही टाकले होते.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत

निकालानंतर मंडळ गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन अशा तीन सोयी देते. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचे राहून गेलेले उत्तर एवढेच पाहिले जाते. पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हाती आल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. बहुतेक पालक छायाप्रतीकडे गुण वाढवण्याची पायरी म्हणूनच पाहतात. आम्हीही त्याच हेतूने ऑनलाइन अर्ज केला.

छायाप्रत आली तेव्हा बेरजेत चूक नव्हती. भाग 1, म्हणजे बीजगणितात तिला 40 पैकी 29 होते आणि भाग 2, म्हणजे भूमितीत 17. बीजगणिताची उत्तरपत्रिका नीटनेटकी होती, दोन ठिकाणी चिन्हांच्या चुका होत्या आणि शेवटचा प्रश्न पूर्ण सोडवलेला होता. भूमितीच्या उत्तरपत्रिकेत सुरुवातीचे छोटे प्रश्न बरोबर होते, वर्तुळाच्या प्रमेयावरचा प्रश्न अर्धवट सोडलेला होता आणि त्यानंतर जवळजवळ काहीच नव्हते. परीक्षकाने गुण कापलेच नव्हते, कारण कापण्यासाठी तिथे काही लिहिलेलेच नव्हते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करण्यात अर्थ नाही हे तिलाही पाच मिनिटांत पटले.

भूमितीचा पेपर 7 मार्चला होता. आदल्या दिवशी काय झाले होते असे मी सहज विचारले. ती काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली, की 6 मार्चला शेडवरचा माल उतरवायचा होता, रात्री अकरा वाजेपर्यंत ती तिथेच होती. त्याआधीचे दोन महिनेही सकाळच्या वेळात बायकांची हजेरी आणि वजने लिहिण्याचे काम तिच्याकडे होते. जानेवारी-फेब्रुवारीत शाळेत भूमितीची उजळणी सकाळच्या जादा तासात होत असे. त्या तासांना ती अनेकदा नव्हती, हे माझ्या हजेरीवहीत होते. बीजगणित मी दिवाळीआधीच संपवले होते.

त्या दोन आकड्यांमध्ये, 29 आणि 17 मध्ये, तिची बुद्धी नव्हे तर हंगाम दिसत होता. छायाप्रत घेतली नसती तर एक तर आम्ही 66 गुणांवर रुसून बसलो असतो किंवा "गणित जमत नाही" असा शिक्का मारून मोकळे झालो असतो.

विचारात घेतलेले पर्याय

छायाप्रत घेऊन मी तिच्या घरी गेलो. बागेच्या कडेला, शेडखालीच बसलो. वडिलांनी दोन्ही भागांचे गुण पाहिले, तारीख विचारली आणि म्हणाले, "त्या दिवशी मीच थांबवली होती, सर." पुढचा सगळा संवाद या वाक्यानंतर शक्य झाला असे मला वाटते. तोपर्यंत ते शिकवणीच्या निर्णयाचे समर्थन करत होते. त्यानंतर ते विचार करू लागले. त्यांच्या मनातली ओढ मला परकी नव्हती. द्राक्षाच्या एका अवकाळी पावसात वर्षाची कमाई जाते, लेकीने या चक्रातून सुटावे आणि ती डॉक्टर झाली तर सुटेल, इतका सरळ तो हिशेब होता.

त्या बैठकीत आणि नंतरच्या दोन भेटींत खालील वाटा आम्ही एकेक करून पाहिल्या.

पहिली वाट शिकवणीची. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र असते, गणिताचा स्वतंत्र भाग नसतो, म्हणून गणित कच्चे असले तरी चालेल असे तेथे सांगितले गेले होते. भौतिकशास्त्र गणिताशिवाय उभे राहत नाही हे सांगायला मला वेळ लागला. अडचण केवळ तीच नव्हती. सकाळी सातला शिकवणी सुरू आणि संध्याकाळी सहाला संपणार. गावाहून तासगाव आणि तासगावहून सांगली अशा दोन बस. खोली घेऊन राहायचे तर त्याचा खर्च वेगळा. शिवाय मराठीतून थेट इंग्रजीत जाणाऱ्या मुलीला पहिले चार महिने शब्द समजून घेण्यातच जातात आणि अशा शिकवणीत तेवढा दम धरला जात नाही. हे मी आधीच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिलेले आहे.

दुसरी वाट काकांनी सुचवलेली, तंत्रनिकेतनाची. मिरज आणि कराड येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत, तीन वर्षांची पदविका होते, एकोणिसाव्या वर्षी नोकरी लागू शकते आणि पुढे शिकायचे असेल तर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. वाट उत्तम आहे आणि आमच्या भागातील मुली तिच्याकडे पुरेशा वळत नाहीत याचे मला वाईट वाटते. तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला तर शुल्क सवलतींचा लाभ मिळतो, संस्थेच्या कोट्यातून घेतला तर तो हातचा जाऊ शकतो, ही गोष्ट काकांना माहीत नव्हती. मुलीला मात्र यंत्र, बांधकाम किंवा संगणक यांपैकी कशाचीच ओढ नव्हती. तरीही हा अर्ज भरून ठेवायचे आम्ही ठरवले, कारण अकरावी आणि पदविका या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत आणि एकीचा अर्ज केल्याने दुसरी बंद होत नाही.

आयटीआयचे नाव मी काढले तेव्हा आजींसह सगळे गप्प झाले. 83 टक्क्यांच्या मुलीने आयटीआय का करावे, असा तो अर्थ होता. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत, किर्लोस्करवाडीत चांगल्या फिटरला आणि इलेक्ट्रिशियनला काय किंमत आहे हे मी सांगितले. या मुलीसाठी तो पर्याय योग्य नव्हताच, पण टक्के जास्त आहेत एवढ्याच कारणासाठी तो नाकारला जाऊ नये असे मला वाटत होते.

कला शाखा. 91, 90 आणि 88 हे तिचे सर्वांत चांगले गुण सामाजिक शास्त्रे आणि भाषांतले होते. वडिलांनी स्वतः कला शाखेतून बारावी केली होती आणि ते म्हणाले, "मी काय केलं त्याचं?" या प्रश्नाला माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते. वाणिज्य शाखेचा विचार फार पुढे गेला नाही.

श्रेणीसुधार योजनेचाही उल्लेख झाला. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना गुण सुधारण्यासाठी लगतच्या तीन परीक्षांत पुन्हा बसता येते. परंतु तिच्या पुढच्या कोणत्याही वाटेवर दहावीच्या गणिताचे आठ-दहा गुण निर्णायक ठरणार नव्हते, म्हणून तो विचार सोडला.

शेवटची वाट तिच्या नोंदवहीतून निघाली. तिला काय आवडते असे विचारले तर ती उत्तर देत नसे, म्हणून मी तिला सुट्टीत काय काय केले ते विचारले. तिने घरातून बागेची फवारणी वही आणली. दोन वर्षे ती तीच लिहीत होती. औषधाचे नाव, प्रमाण, तारीख, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, डावणी आणि भुरी हे बुरशीचे रोग, त्यांतली डावणी कोणत्या ओळीत आधी दिसली, भुरी कधी आली, जीए या वाढीच्या संजीवकात घड बुडवल्यानंतर मण्यात काय फरक पडला. हे तिला कोणी शिकवले नव्हते. औषधाच्या पुड्यांवरचे वाचून आणि दुकानदाराला विचारून ती ते लिहीत होती. कृषी पदवीचा विषय मी काढला तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःहून बोलली. बी.एस्सी. कृषीला जायचे तर बारावी विज्ञान आणि एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा लागते, गणिताचा गट चालतो आणि जीवशास्त्राचाही. दहावीनंतरची मराठी माध्यमाची कृषी पदविकाही आम्ही पाहिली, परंतु पदवीपर्यंत जायची इच्छा असताना बारावी विज्ञानाचा मार्ग अधिक मोकळा वाटला.

म्हणजे फिरून विज्ञानच आले. पण तालुक्याच्या ठिकाणच्या अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात, शिकवणीविना, आणि गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवून. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असल्याने प्रवासाचा खर्चही जवळपास मिटत होता. वडिलांनी दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला.

अर्जातील चूक

येथपर्यंत सगळे नीट चालले होते. पुढची चूक सर्वांत महाग पडली आणि ती टाळता येण्यासारखी होती.

2025-26 पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली. त्याआधी ती मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती या महानगर क्षेत्रांपुरती होती. आमच्याकडे महाविद्यालयात जाऊन अर्ज द्यायचा आणि यादी फलकावर पाहायची, एवढेच लोकांना ठाऊक होते. नव्या पद्धतीत अर्जाच्या पहिल्या भागात वैयक्तिक माहिती आणि दुसऱ्या भागात जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घेणे बंधनकारक ठरते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो आणि सर्वांसाठी खुल्या फेरीपर्यंत त्याला थांबावे लागते.

सुरुवातीच्या दिवसांत संकेतस्थळ चालत नव्हते, नोंदणीच्या तारखा पुढे गेल्या. त्या गोंधळात, शिकवणीत पैसे भरल्यावर लगेचच तेथील कर्मचाऱ्यांनी "फॉर्म आम्ही भरून देतो" म्हणून कागद ठेवून घेतले होते. नोंदणी करताना मोबाइल क्रमांक त्यांनी स्वतःचा टाकला. निर्णय बदलल्यावर वडिलांनी त्यांना फोन करून "आमचं अजून नक्की नाही" असे सांगितले आणि आपण कळवले या समजुतीत ते राहिले. पसंतीक्रम कोणता भरला, तो कायम केला की नाही, लॉगिन कोणाकडे आहे, यातले काहीच मी विचारले नाही. माझ्या समजुतीने अर्ज अजून भरायचाच होता.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पहिली यादी लागली. ओटीपी आणि निरोप शिकवणीच्या फोनवर जात असल्यामुळे घरी दोन दिवसांनी कळले. पहिला पसंतीक्रम शिकवणीशी जोडलेल्या महाविद्यालयाचा होता आणि तोच मिळाला होता. मार्गदर्शन केंद्रावर चौकशी केली, पण यादी लागल्यावर पसंतीक्रम बदलता येत नाही हेच उत्तर मिळाले, आणि ते नियमाला धरूनच होते.

केलेली कृती

आता दोनच मार्ग होते. मिळालेला प्रवेश घ्यायचा, किंवा तो सोडून खुल्या फेरीपर्यंत थांबायचे. घरात भीती पसरली. काकांनी फोनवर "वर्ष वाया जाईल" असे बजावले आणि आई रात्रभर झोपली नाही, हे मला नंतर कळले.

ही भीती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी मी त्या दिवशी तालुक्यातील तीन कनिष्ठ महाविद्यालयांत स्वतः जाऊन आलो. राज्यभर अकरावीच्या जागा विद्यार्थ्यांपेक्षा कितीतरी अधिक असतात हे वर्तमानपत्रांत येत होते, परंतु प्रश्न आम्हाला हव्या असलेल्या महाविद्यालयातील विज्ञानाच्या जागांचा होता. दोन ठिकाणी पहिल्या यादीनंतर विज्ञानाच्या बऱ्याच जागा शिल्लक होत्या, तिसऱ्या ठिकाणी कमी होत्या. तंत्रनिकेतनाचा अर्ज भरलेला असल्याने हाती काहीच नाही अशी स्थितीही नव्हती. हे सगळे एका वहीच्या पानावर लिहून मी वडिलांना दिले. जागा कोठे आणि किती, खुली फेरी साधारण कधी, आणि काहीच न जमल्यास पदविका. कागदावर पाहिल्यावर भीतीला मर्यादा आली.

प्रवेश सोडायचा निर्णय शेवटी मुलीने घेतला. ती म्हणाली, "घेतला तर दोन वर्षं फक्त हजेरीला त्या कॉलेजचं नाव लागणार. थांबते मी." मी तिला त्या दिवशी सल्ला दिला नाही, माहिती दिली. हे योग्य होते की अयोग्य याविषयी मी आजही पूर्ण निश्चित नाही, कारण पंधरा वर्षांच्या मुलीवर ते ओझे मोठे होते.

त्यानंतर लॉगिन ताब्यात घेणे हे पहिले काम केले. मोबाइल क्रमांक बदलून घेण्यासाठी अर्ज, ओळखपत्र आणि दोन फेऱ्या लागल्या. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी जूनमध्ये सेतू केंद्रावर एवढी गर्दी होती, की जे काम एप्रिलमध्ये सहज झाले असते त्याला तीन आठवडे गेले.

पैशांच्या बाबतीत वडिलांनी शिकवणीला लेखी अर्ज दिला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे असे त्यांत म्हटले आहे. त्यांचा उल्लेख अर्जात केला. आमच्या पावतीवर कोणत्याही अटी नसल्यामुळे वाद घालायला दोन्ही बाजूंना जागा होती. बऱ्याच येरझाऱ्यांनंतर 15,000 पैकी 6,000 रुपये परत मिळाले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करण्याचे मी सुचवले होते, परंतु वडिलांना तो विषय तेथेच संपवायचा होता.

थांबण्याच्या त्या पाच-सहा आठवड्यांचा उपयोग आम्ही दोन गोष्टींसाठी केला. आठवड्यातून तीन दिवस ती शाळा सुटल्यावर येऊन भूमिती करायची. वर्तुळ, समरूपता आणि त्रिकोणमिती एवढेच, कारण पुढे लगेच तेच लागते. आणि एक शब्दवही केली. डाव्या बाजूला आपल्या पाठ्यपुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला अकरावीच्या पुस्तकातला, देवनागरीत उच्चारासह. संवेग म्हणजे मोमेंटम, त्वरण म्हणजे ॲक्सलरेशन, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन, संयुजा म्हणजे व्हॅलन्सी. साडेतीनशेच्या आसपास शब्द झाले. संकल्पना तिला येत होत्याच. त्यांची दुसरी नावे तिला मिळाली.

निष्पत्ती

जुलैमध्ये पदविकेच्या फेरीत तिला स्थापत्य शाखा मिळाली, ती पहिली पसंती नव्हती आणि तिने ती स्वीकारली नाही. पुढे सर्वांसाठी खुल्या फेरीत तालुक्यातील दुसऱ्या पसंतीच्या अनुदानित महाविद्यालयात विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. पहिली पसंती होती तेथील जागा आधीच्या नियमित फेऱ्यांत भरल्या होत्या. त्या महाविद्यालयात प्रयोगशाळा अधिक चांगली आहे, आणि पसंतीक्रम वेळेवर दुरुस्त झाला असता तर तिच्या गुणांवर ते तिला निश्चित मिळाले असते. हे नुकसान लहान नाही.

अकरावीच्या पहिल्या सत्रात भौतिकशास्त्रात ती जेमतेम उत्तीर्ण झाली, गणितात आणि जीवशास्त्रात चांगले गुण मिळाले. दुसऱ्या सत्रात भौतिकशास्त्र सावरले. बेदाण्याच्या हंगामात वडिलांनी हजेरी लिहायला गावातल्या एका मुलाला पैसे देऊन ठेवले. परीक्षेच्या आठवड्यात मात्र दोनदा तिलाच बसावे लागले. काकांचे मत अजूनही पदविकेच्या बाजूने आहे. कृषी पदवीला प्रवेश मिळेल की नाही हे सीईटी झाल्यावर ठरेल, आणि तोपर्यंत तिचे मनही बदलू शकते. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवल्यामुळे तसे झाले तरी अडणार नाही, परंतु दोन्ही विषयांचा भार ती ओढते आहे हेही दिसते.

काय वेगळे करता आले असते

निकालाच्या आधी, एप्रिलमध्ये, शाळेने पालकांची एक बैठक घेतली असती तर 15,000 रुपये वाचले असते. आम्ही दर वर्षी निकालानंतर गुणगौरव समारंभ घेतो, त्यात पाहुण्यांचे मार्गदर्शन असते. तोपर्यंत शिकवण्यांचे बुकिंग होऊन गेलेले असते. नवी ऑनलाइन पद्धत कशी आहे, पहिला पसंतीक्रम म्हणजे कायदेशीरदृष्ट्या काय, लॉगिनला मोबाइल क्रमांक कोणाचा असावा, कोणते दाखले आधी काढून ठेवावेत, एवढ्यासाठी दीड तास पुरला असता.

दुसरे, मी घरी गेलो त्या पहिल्या दिवशीच अर्जाची सद्यस्थिती पाहायला हवी होती. आम्ही काय शिकायचे यावर तीन वेळा बोललो आणि अर्ज कुठपर्यंत आला आहे यावर एकदाही बोललो नाही. निर्णय मनात बदलला म्हणून संगणकावर बदलत नाही. पालकांनी आणि विद्यार्थ्याने स्वतः लॉगिन करून भरलेला अर्ज छापून घ्यावा आणि तो शिक्षकाला दाखवावा, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

तिसरी गोष्ट माझ्या विषयाची आहे आणि ती मला सर्वांत जास्त टोचते. जादा तासांना ती नव्हती हे हजेरीवहीत जानेवारीपासून होते. मी दोनदा वर्गात रागावलो होतो, पण घरी निरोप पाठवला नव्हता. अंतर्गत मूल्यमापनात 20 पैकी 20 देताना भूमितीच्या स्वाध्यायांची रिकामी पाने मी पाहिली होती आणि बोर्डात मुलांचे नुकसान नको म्हणून सोडून दिली होती. त्या उदारपणामुळे तिला किंवा तिच्या वडिलांना कोणताही इशारा मिळाला नाही.

प्रवेश सोडण्याच्या निर्णयाविषयी माझे काही सहकारी वेगळे मत देतात. त्यांच्या मते मिळालेला प्रवेश घेऊन नंतर महाविद्यालय बदलून घेण्याचा प्रयत्न करणे अधिक सुरक्षित ठरले असते. शहरात, जिथे विज्ञानाच्या जागांसाठी चढाओढ असते, तिथे मीही कदाचित तेच सांगितले असते. आमच्या तालुक्यात जागा शिल्लक असल्याचे मी स्वतः पाहून आलो होतो, म्हणून थांबण्याचा धोका पत्करता आला.

यंदा जानेवारीत मी दहावीच्या वर्गात एक कागद फिरवला आणि घरी बागेत, शेडवर किंवा गोठ्यात रोज किती वेळ जातो ते नाव न घालता लिहायला सांगितले. अर्ध्याहून अधिक वर्गाने दोन तासांच्या वर लिहिले. भूमितीची उजळणी आम्ही सकाळच्या जादा तासातून काढून दुपारच्या नियमित वेळापत्रकात घातली आहे आणि पुढील वर्षापासून भूमिती दिवाळीआधी व बीजगणित नंतर असा क्रम लावला आहे.